गाडी भाड्याची, मुलूख आपला

बाळ, तू आणि जावईबापू श्रावणात अमेरिकेहून येणार, ठाण्याला गाडी भाड्यानं घेणार आणि ड्रायव्हर न ठेवता दोघंच तानसा, माहुली, मुरबाड, माळशेज असा फेरा मारणार, हे कळलं. छान केलंत. जावईबापूंचा जन्म तिकडचा, त्यामुळे त्यांच्या लेखी हा परदेशच. तुझं माहेर हे असलं तरी तू इथे फिरायचीस ती एसटीच्या खिडकीशी बसून. चाकामागून हा मुलूख तूही पाहिलेला नाहीस. तुझ्या या मामानं जन्मभर पाहिला, तोही लाल डब्याच्या चाकामागून. म्हणून चार गोष्टी कानावर घालतो. संकट कधी डोळे वटारून येत नाही, ते ‘असू दे, चालतंय’ म्हणत येतं. त्याला पहिल्याच पायरीवर अडवायचं, एवढंच या सगळ्याचं सार.

गाडी ताब्यात घेताना

१. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तीच गाडी घ्या – स्वतः चालवायला भाड्यानं देण्याचा परवाना त्याच गाडीला असतो. पांढऱ्या पाटीची कुणाची घरची गाडी ‘स्वस्तात देतो’ म्हणून घेतलीत, तर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी हात वर करते.

२. जावईबापू, अमेरिकी लायसन्सच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना तिथूनच काढून आणा – ज्या देशाचं लायसन्स, त्याच देशात तो मिळतो. इथे उतरल्यावर कुठल्याही खिडकीवर मिळत नाही.

३. बाळ, तुझं इथलं लायसन्स आहे, पण त्याची मुदत बघून घे – त्यावरच्या फोटोत तुला दोन वेण्या आहेत, म्हणून म्हणतो.

४. गाडीला सावकाश एक फेरी मारून फोनवर व्हिडिओ काढा. ओरखडे, काचा, टायर, सीट, पेट्रोलचा काटा, किलोमीटर, सगळं तोंडानं बोलत जा. अनामत परत घेताना आठवण उपयोगी पडत नाही, चित्र पडतं.

५. डिकी उघडून स्टेपनी अंगठ्यानं दाबून बघा, जॅक आणि पाना हातात घेऊन बघा – ‘असतं सर, सगळं असतं’ या बोलण्यावर आजवर एकही चाक बदललेलं नाही.

६. काचेवर पाणी मारून वायपर चालवून बघा, आणि काचेवरची वाफ घालवायचं बटण कुठलं ते गाडी उभी असतानाच शोधा – आमच्याकडच्या सरीत ते शोधायला वेळ मिळत नाही.

७. दिवसाला किती किलोमीटरची मुभा आहे, गाडीला वेगाची मर्यादा बांधली आहे का, पेट्रोल किती भरून परत द्यायचं, हे आधी विचारा आणि लिहून घ्या – तोंडी ठरलेलं परत देताना दोघांनाही वेगळं आठवतं.

८. आरसी, विमा, पीयूसी यांच्या प्रती फोनमध्ये ठेवा आणि फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते टोलच्या आधी बघा. नाहीतर पडघ्याच्या नाक्यावर मागचे सगळे हॉर्न तुमच्या नावानं वाजतील.

९. पहिला अर्धा तास रिकाम्या गल्लीत घालवा – आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या हाताला असते. जावईबापू वळायला निघतील आणि कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागेल. हसून घ्यायचं ते गल्लीतच हसून घ्या.

दोघांनी आपसांत

१०. चाक एकाकडे, वाट दुसऱ्याकडे, अशी वाटणी निघायच्या आधी करा – दोघं मिळून नकाशा बघायला लागले की रस्ता बघायला कोणी उरत नाही.

११. ‘इथे वळ’ हे वळणाच्या आधी सांगायचं असतं, वळणावर नाही. हुकलंच वळण, तर पुढे जाऊन सुरक्षित जागेवरून परत या – चुकलेल्या वाटेला दहा मिनिटं लागतात, चुकीच्या जागी मागे घेतलेल्या गाडीला कधी कधी जन्म लागतो.

१२. चाक फिरत असताना वाद नको. ज्याला राग आला त्यानं फक्त ‘चहा’ म्हणायचं आणि दुसऱ्यानं पहिल्या टपरीला गाडी लावायची – रागावलेलं माणूस आरसा बघत नाही.

१३. गाडी मागे घेताना एकानं खाली उतरावं, पण गाडीच्या नेमकं मागे उभं राहू नये. आरशात दिसेल अशा बाजूला राहावं. ‘ये, ये, ये’ म्हणणाऱ्यापेक्षा वेळेवर ‘थांब’ म्हणणारा मोठा.

१४. दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा आणि चाक दुसऱ्याच्या हाती द्या – थकवा चालवणाऱ्याला शेवटी कळतो, शेजारच्याला आधी.

१५. जावईबापू, वाट विचारायला लाजू नका. विचारणारा एकदा थांबतो, न विचारणारा दहादा वळतो.

१६. पण विचारताना ‘हा रस्ता तानसाला जातो ना?’ असं विचारू नका, ‘तानसाला कुठून जायचं?’ असं विचारा – पहिल्या प्रश्नाला आमची भोळी माणसं तुमचं मन मोडू नये म्हणून ‘हो’ म्हणतात. आणि ‘हे काय, इथेच आहे’ म्हणजे अजून तीन-चार किलोमीटर, हे धरून चाला.

आग्रा रोडला लागताना

१७. ठाणं सहाच्या आत सोडा – माणकोली-राजणोलीला भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर रांगेला लागले की तासाच्या वाटेला तीन तास लागतात. पहाटे उठायचा कंटाळा करणाऱ्यानं दुपारी रस्त्यावर झोपायची तयारी ठेवावी.

१८. शनिवार, रविवार आणि १५ ऑगस्ट टाळा. त्या दिवशी अख्खी मुंबई धबधबा शोधत आमच्याकडे येते – आणि त्यातले काही जण पाण्यापेक्षा बाटलीच जास्त शोधतात.

१९. काचेच्या कोपऱ्यात ‘डावीकडे’ असं लिहून चिकटवा. सरळ रस्त्यावर कोणी चुकत नाही, पेट्रोलपंपातून किंवा चहाच्या टपरीवरून बाहेर पडताना चुकतात – रिकामा रस्ता दिसला की हात जुन्या सवयीचं ऐकतो.

२०. समोरच्यानं डिपर मारला तर त्याचा अर्थ ‘तुम्ही या’ असा धरू नका. तुमच्याकडे तो मोठेपणा असेल, इथे त्याचा अर्थ ‘मी आलो, बाजूला व्हा’ असाच असतो.

२१. ट्रकच्या आरशात त्याचा ड्रायव्हर तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. पावसात त्याच्या मागे दुप्पट अंतर ठेवा – त्याच्या चाकानं उडवलेला चिखल एका फटक्यात काच बंद करतो.

२२. रस्त्याच्या कडेनं उलट्या दिशेनं येणारी दुचाकी दिसेलच. तिला नियम शिकवायला जाऊ नका – ती घरी पोचली पाहिजे आणि तुम्हीही.

२३. समृद्धी महामार्गाचा मोह जावईबापूंना होईल, कारण तो तिकडच्यासारखा दिसतो. शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. पण तो लांब पल्ल्याच्या माणसाचा. तुम्हाला टपरी, फाटा, गाव बघायचंय, तर जुना आग्रा रोडच धरा – वेगात गेलेल्याला माहेर दिसत नाही, फक्त पाटी दिसते.

२४. समृद्धीवर गेलातच, तर बाहेर पडायचा फाटा आधी बघून ठेवा, मध्ये कुठे फोटोसाठी थांबू नका आणि चाकातली हवा तपासून घ्या – मोटारीला तिथे ताशी १२० पर्यंत मुभा आहे, आणि त्या वेगात झिजलेलं टायर माफ करत नाही.

तानसाच्या रानात

२५. आटगावहून आत वळलात की काच खाली करा आणि गाणी बंद करा. हे अभयारण्य आहे – १८८४ नंतर शंभरावर वर्षं कुणाला न सापडलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याला पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये आपल्या तानसाच्या रानातही आढळला. एवढ्याशा घुबडानं एवढी वर्षं मौन पाळलं, तुम्ही दोन तास पाळा.

२६. जलवाहिनी दिसली की जावईबापूंना सांग, की तानसाचं धरण १८९२ मध्ये पुरं झालं आणि तेव्हापासून मुंबई हे पाणी पिते. विहार आणि तुळशीनंतरचं हे तिसरं. पुढे मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा अशी रांग इकडेच लागली. आज मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं.

२७. म्हणूनच गाडीला चिखल लागला तर लागू दे, पाड्यावरच्या विहिरीशी किंवा हातपंपाशी ती धुऊ नका. ज्या तालुक्याचं पाणी मुंबईला जातं, त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात – पावसाळ्यात भरलेली विहीर बघून हे कळत नाही, म्हणून सांगतो.

२८. कुणी पाणी दिलं तर लागेल तेवढंच ओतून घ्या आणि घेतलेलं संपवा. हंडा डोक्यावर वाहिलेल्या बाईला अर्धा टाकलेला पेला लांबूनही दिसतो.

२९. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागते, तलावात उतरायला मनाई आहे. चौकीवर आधी विचारा. राखणदार ‘नाही’ म्हणाला तर ‘आम्ही लांबून आलोय’ म्हणू नका – धबधब्यात वाहून गेलेलेही लांबूनच आलेले असतात.

३०. धरणाच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रात उतरू नका, खडक कितीही कोरडा दिसो – तलाव भरला की पाणी सोडतात, आणि पाऊस वर रानात पडलेला असतो, तुमच्या डोक्यावर नाही. वज्रेश्वरीजवळ अकलोलीची गरम पाण्याची कुंडंही याच नदीकाठी आहेत; तिथेही नदी चढलेली असेल तर देवीला हात जोडून मागे फिरा.

३१. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी थांबवा आणि एखादी एसटी किंवा गावचा ट्रॅक्टर जाईपर्यंत वाट बघा. तोही थांबला असेल तर तुम्ही कोण? पाणी घोट्याला म्हणतं ‘ये’, गुडघ्याला म्हणतं ‘चल’.

३२. पाण्यातून गेल्यावर गाडी बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवू नका, ढकलून बाहेर काढा – इंजिनात पाणी शिरलेलं असताना सुरू केलं की इंजिनच जातं, आणि अनामतही त्याच्या मागोमाग.

३३. पाणी पार झालं की पुढे रिकाम्या रस्त्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा – ओला ब्रेक पहिल्या हाकेला ओ देत नाही.

३४. अंधार पडायच्या आत रानातून बाहेर. दिवस आपला, रात्र रस्त्याची – पावसाळ्यात गुरं ओल्या गवतात बसत नाहीत, कोरड्या उबदार डांबरावर बसतात, आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिव्याच्या उजेडात शेवटच्या दहा पावलांवर दिसते.

३५. उशीर झालाच आणि कडेला पाण्याच्या पाटाजवळ विजेऱ्या हलताना दिसल्या, तर घाबरून वेग वाढवू नका. ती खेकडे धरणारी पोरं असतात. एकाच्या हातात बत्ती, दुसऱ्याच्या हातात डबा आणि चारही डोळे जमिनीवर – म्हणजे गाडीकडे कुणाचंच लक्ष नाही, सावकाश तुम्हीच जायचं.

३६. बिबट्या आडवा गेला तर थांबा, दिवे मंद करा, काचा बंद ठेवा आणि त्याला जाऊ द्या. जावईबापू, फोटोसाठी उतरायचं नाही. आमच्या भाचीला आम्ही दुसरा नवरा शोधणार नाही.

माहुलीच्या पायथ्याशी

३७. आसनगावला उतरलात की समोर सुळके दिसतात तो माहुली. शेजारी भंडारगड आणि पळसगड. १६३६ मध्ये शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे शेवटचा टिकाव इथेच धरला. हे वर चढून न जाताही पायथ्याशी बसून सांगता येतं, म्हणून श्रावणात पायथ्यापर्यंतच जा.

३८. चढायचंच ठरलं तर गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला ठरलेले पैसे आधी विचारून पूर्ण द्या – गडाची वाट पावसात दर आठवड्याला बदलते. नकाशाला वाट ठाऊक, गावाला चिखल ठाऊक.

३९. गाडी लावताना तोंड परतीच्या वाटेकडे करून लावा, आणि शेताच्या बांधावर किंवा कुणाच्या दाराशी लावू नका. भिजून, दमून, काळोख्या आभाळाखाली गाडी वळवत बसायला लागू नये. आणि त्या दारातून बैल बाहेर काढायचे असतात.

४०. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर जायला बहुतेक दर वर्षी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. निघायच्या आदल्या दिवशी तो बघा – पोलीस परत पाठवणार असतील, तर अर्ध्या वाटेत कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

किन्हवलीवरून मुरबाडकडे

४१. शहापूरहून मुरबाडकडे जाताना किन्हवली, सरळगाव हा आतला रस्ता घ्या, पण सकाळी आणि सावकाश. शाळेच्या वेळेला आश्रमशाळेची पोरं रांगेनं चालत असतात, छत्री वाऱ्याच्या दिशेनं धरलेली – त्यांना समोरून येणारी गाडी दिसत नाही, तुम्हाला पोर दिसतं.

४२. गावाच्या वेशीवर पाटी नसली तरी गतिरोधक आहे असं धरूनच चाला. पांढरे पट्टे पहिल्या पावसात धुऊन जातात, उंचवटा राहतो.

४३. ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतो तिथे लाल चिखलाचा पट्टा पडलेला असतो. तिथे ब्रेक दाबू नका, आधीच वेग कमी करून सरळ जा – ओल्या चिखलावर दाबलेला ब्रेक गाडीला हवं तिथे नेतो, तुम्हाला हवं तिथे नाही.

४४. आवणी चाललेली दिसली तर गाडी पूर्ण बाजूला घेऊन बघा. फोटो आधी विचारून घ्या – वाकून भात लावणाऱ्या बाईचा न विचारता काढलेला फोटो तुमच्या लेखी निसर्ग असतो, तिच्या लेखी आगाऊपणा.

४५. मुरबाड हा नुसता माळशेजच्या वाटेवरचा थांबा नाही, हे जावईबापूंना सांग. याच तालुक्यात सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. पुढच्या खेपेला पौषात या, म्हणजे सिद्धगडही होईल आणि म्हसा गावची म्हसोबाची जत्राही. एका फेऱ्यात सगळं कोंबू नका – दिवसाला एक ठिकाण धरलेल्याला दोन दिसतात, चार धरलेल्याला नुसता रस्ता दिसतो.

माळशेजच्या घाटात

४६. मुरबाडला टाकी भरा आणि हवा बघा. टोकावडे मागे टाकल्यावर पंपाची आशा धरू नका. आमच्या मुलखात अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी.

४७. वैशाखऱ्याशी उजव्या हाताला नाणेघाटाची वाट लागते. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरातून जुन्नरला जाणारा माल हाच घाट चढायचा, वर नागनिकेचा ब्राह्मी लेख आणि जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. पावसात खालूनच बघा – शेवाळलेल्या पायऱ्यांनी सातवाहनांचेही बैल घसरवले असतील.

४८. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या – उतरणारा थांबून पुन्हा निघू शकतो, चढणाऱ्याचा जोर एकदा तुटला की मागे सरकायची भीती.

४९. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सारखा ब्रेक दाबून उतरलात तर तो तापतो. जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि थंड होऊ द्या. गाडी बिनगिअरची असेल तर उतारासाठीची खूण दांड्यावर कुठे आहे ते ठाण्यालाच विचारून या.

५०. धुकं उतरलं की मोठा दिवा लावू नका, मंद दिवा लावा – मोठा उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. कडेची पांढरी रेघ धरून सावकाश चला, आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय ते कळत नाही.

५१. कड्याखाली गाडी उभी करू नका, वरून कितीही देखणी धार पडत असो – पाण्याबरोबर दगडही उतरतात. रस्त्यावर ताजी माती किंवा छोटे खडे दिसले, तर मोठे अजून यायचेत असं समजा.

५२. वळणावर भोंगा द्या आणि दुसऱ्याचा ऐकू येईल एवढी काच उघडी ठेवा. पुढची गाडी ओलांडायची घाई नको. घाटाला घाई दाखवली की घाट खाई दाखवतो.

खाणं आणि माणसं

५३. आग्रा रोडला बाया करटोली, भारंगी, कुर्डू घेऊन बसलेल्या दिसतील. भाव करू नका, भाजी घेतानाच ती कशी करायची ते विचारा – पहाटे रान तुडवून आणलेली जुडी दहा रुपयांनी स्वस्त झाल्यानं तुमची सहल काही सुधारत नाही. शेवळं कुणी दिली तर सोबत काकडं मागून घ्या, नाहीतर घशाला खाज सुटते आणि दोष माहेरावर येतो.

५४. सुट्टे पैसे रोख ठेवा – रानात नेटवर्क गेलं की फोनमधले लाख रुपये भाजलेल्या एका कणसालाही पुरत नाहीत.

५५. पोरांना गाडीतून चॉकलेटं फेकू नका. द्यायचंच असेल तर उतरून, मोठ्यांना विचारून, हातात द्या. फेकलेलं उचलायला पोर रस्त्यावर धावतं.

५६. रिकाम्या बाटल्या आणि वेष्टनं डिकीत एका पिशवीत टाका आणि ठाण्याला नेऊन टाका. गाडी परत जाते, नाव मागे राहतं – ‘शहापूरच्या भाचीची गाडी’ म्हणून ते नाव आमच्या दाराशी येतं.

अडचण आलीच तर

५७. हे आकडे कागदावर लिहून आरशामागे खोचा: पोलीस आणि कोणतीही अडचण ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, वनविभाग १९२६. फोनमधला आकडा फोन भिजल्यावर सापडत नाही.

५८. नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि रोज संध्याकाळी सातला एक निरोप टाकायचा असं ठरवा. निरोप आला नाही तर कुठे शोधायचं ते आम्हाला कळतं – आणि आला तर आम्ही जेवायला बसतो.

५९. बूट घालताना रोज झटकून घाला. सर्पदंश झालाच तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. अंग स्थिर ठेवून थेट शहापूर किंवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात न्या – सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं, भगताकडे नाही.

६०. गाडीला खरचटलं तर लपवू नका. जागेवर फोटो काढून त्याच वेळी गाडीवाल्याला कळवा. वेळेवर सांगितलेलं नुकसान हिशेबात बसतं, नंतर सापडलेलं भांडणात.

परत करताना

६१. गाडी उजेडात परत करा, पुन्हा एक व्हिडिओ काढा आणि सगळं ठीक असल्याचं लिहून घ्या. वेगाचा दंड मागाहून येऊ शकतो, तेव्हा कागद लगेच फाडू नका.

६२. सीटखाली हात घालून बघा – चार्जर, चष्मा, एक पायमोजा आणि बाळ, तुझे कानातले हमखास तिथेच असतात.

६३. मुक्कामाला आमच्याकडे कधी येताय ते आदल्या दिवशी नक्की कळवा, पण मामीला ‘काही करू नकोस, बाहेर खाऊन येतो’ असं चुकूनही म्हणू नका – असं ऐकलं की ती दोघांच्या ऐवजी आठांचं रांधते, आणि उरलेले सहा जणांचे वाटे तीन दिवस मी खातो.